हूं म्हणणारं कोणी

१

बाबांना बोलताना समोर हूं म्हणणारं कोणीतरी लागायचं.

सभेत माणसं असायचीच. पण सभेला जायच्या आधी ते सगळं भाषण घरी एकदा बोलून बघत, आणि तेव्हा समोर मी बसायचे. बाबा खाटेवर, मी दाराजवळच्या चटईवर. ते एक वाक्य बोलून थांबत. मी म्हणायचे, "हूं." मग ते पुढे जात. लहानपणी आजीच्या गोष्टी ऐकताना लागलेली ही सवय. "हूं म्हणणारं कोणी नसलं का बोलणं भुईवर सांडते," असं त्यांचं म्हणणं होतं.

देवाजी दोनाडकर हे नाव तेव्हा कुरखेड्यापासून ब्रह्मपुरीपर्यंत सगळ्यांना माहीत होतं. बावन्न साली ते निवडून आले होते. सत्तावन्नला पुन्हा उभे राहिले तेव्हा आमचा चांदा जिल्हा नुकताच मुंबई राज्यात गेला होता, आणि आता नागपूरऐवजी थेट मुंबईला जाऊन भांडावं लागेल, हे ते प्रत्येक सभेत सांगत. मी त्यांची एकुलती एक मुलगी, कुंता. ब्रह्मपुरीला मावशीकडे राहून मॅट्रिक झाले. पुढे नागपूरच्या कॉलेजात जायचं ठरलं होतं, तेवढ्यात आई गेली आणि मी घरीच राहिले. आल्यागेल्याचा चहा, बाबांच्या टोप्यांना खळ आणि इस्त्री, गावोगावच्या माणसांच्या पंगती, यात दिवस जायचा. बाबा सगळ्यांचे होते. माझ्या एकटीच्या वाट्याला ते यायचे फक्त त्या भाषणाच्या वेळी. म्हणून मला त्या बसण्याचा कधी कंटाळा आला नाही.

बाबांची खोली बैठकीच्या मागे होती. आधी तिथे धान साठवत. बांबूच्या, शेणामातीनं लिपलेल्या, पुरुषभर उंचीच्या दोन ढोल्या अजून कोपऱ्यात उभ्या होत्या, रिकाम्या. परसाच्या बाजूला वर एक झरोका. बाबांना ती खोली आवडायची, कारण बैठकीतली गडबड तिथपर्यंत पोचत नसे.

डिसेंबरातली दुपार होती. मी परसात गुणाबाईबरोबर लाखोळीची डाळ पाखडत होते. गुणाबाई आमच्याकडे आईच्या लग्नापासून स्वयंपाकाला होती, आणि सगळ्या गावासारखी बाबांना भाऊ म्हणायची. झरोक्यातून बाबांचा आवाज येत होता. एक वाक्य, मग थोडं थांबणं, मग पुढचं वाक्य.

गुणाबाईचं सूप थांबलं.

"भाऊ कोणाशी बोलून राह्यले?"

"भाषण म्हणून पाहून राह्यले."

"पण तू त इथी हायेस."

"मंग?"

"मंग हूं कोण म्हणून राह्यलं?"

मी कान दिला. "तुमच्या गावाले तलाव बांधून देईन, हा देवाजीचा शब्द हाये," बाबा म्हणाले आणि थांबले. त्या थांबण्यात, अगदी हलका, मिटल्या तोंडातून आलेला आवाज होता. हूं. त्यात घाई नव्हती. मन लावून ऐकणाऱ्या माणसाचा हुंकार होता तो.

वाटलं, निवडणुकीच्या कामानं येणारे रामाजीकाका आले असतील. हात धुऊन मी आत गेले. अंगणात त्यांच्या वहाणा नव्हत्या. बैठकीत कोणी नव्हतं. बाबा टोपी सरळ करत खोलीतून बाहेर येत होते.

"आज बरं जमलं, कुंता," ते म्हणाले. "तू उठून कधी गेलीस ते समजलंच नाई."

२

रिकाम्या ढोलीत आवाज घुमतो. मी तेच ठरवलं. बाबा बोलतात, ढोल्या घुमतात, आणि आपण रोज हूं ऐकत आलो म्हणून त्या घुमण्यातही आपल्याला हूं ऐकू येतं. बाबा जेवायला बसले असताना मी त्या खोलीत जाऊन बघितलं. खाटेजवळ उभं राहून हाक मारल्यासारखं केलं. आवाज भिंतीला लागून तिथेच मेला. काहीच घुमलं नाही. पण दुपारची हवा वेगळी असते, वाऱ्याची दिशा वेगळी असते. मी ढोल्यांवरच बोट ठेवून राहिले.

दुसऱ्या दिवशी नदीपलीकडच्या एका गावात सभा होती. ढिवरांची वस्ती मोठी. जुना तलाव फुटल्यापासून मासोळी नाही, धानाला पाणी नाही, म्हणून सगळं गाव त्या एका शब्दासाठी जमलं होतं. झाडाला भोंगा बांधला होता. बाबा उभे राहिले, हात जोडले, गावातल्या जुन्या माणसांची नावं घेतली. मग "तुमच्या गावाले," एवढं म्हणून ते थांबले.

मी बायांमध्ये बसले होते. मला बाबांचा चेहरा नीट दिसत होता. बोलताना शब्द विसरलेल्या माणसाची एक धडपड असते, ती तिथे नव्हती. त्यांना काही शोधायचं आहे असंच वाटत नव्हतं. मग ते धानाच्या भावावर बोलले, शाळेवर बोलले, आणि खाली बसले. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. टाळ्या वाजल्या, पण उशिरा.

परतताना जीपमध्ये मी म्हटलं, "बाबा, तलावाचं राहून गेलं."

"कोणता तलाव?"

"त्याइचा. फुटलेला. काल तुमी..."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. थट्टा करताना त्यांच्या डोळ्यांच्या कडा आधी हसायच्या. आता त्या तशा नव्हत्या.

रामाजीकाका पुढे बसले होते. ते ब्रह्मपुरीचे वकील, बाबांची सगळी निवडणूक तेच बघत. मागे वळून म्हणाले, "भाऊ थकले, बाई. रोज चारचार गावं होऊन राह्यली. मी पत्रूले सांगतो, उद्या जीप दुपारी काढ म्हणून. सकाळी आराम होऊ द्या."

ड्रायव्हर पत्रूनं मान हलवली. विषय तिथेच संपला.

३

त्यानंतर मी रोज चटईवर बसले. हातातलं काम टाकून बसले. हूं माझंच होतं, दुसरं काही ऐकू आलं नाही. भाषणंही ठीक झाली. आपण उगाच घाबरलो, असं वाटायला लागलं होतं.

मग संक्रांत आली. शेजारच्या मास्तरांकडे हळदीकुंकवाला गेले आणि तिथे बायांनी थांबवून घेतलं. परत आले तेव्हा ओसरीतच बाबांचा आवाज ऐकू आला. ते झिंगूची गोष्ट सांगत होते.

ती गोष्ट आमच्या भागात सगळ्यांना पाठ होती. बेचाळीसमध्ये बाबा तुरुंगात गेले, तेव्हा त्यांच्या कोठडीत झिंगू नावाचा एक म्हातारा कैदी होता. दोघांत एक घोंगडी. थंडीच्या एका पहाटे बाबा उठले तर सगळी घोंगडी त्यांच्या अंगावर होती आणि झिंगू भिंतीला टेकून थंड पडला होता. कितीही वेळा सांगितली तरी शेवटाला बाबांचा आवाज फाटायचा.

"अन् पाहतो त काय," बाबा आत म्हणत होते, "घोंगडी माह्या गळ्यापर्यंत. काठ दाबून दिलेला, लेकराले देते तसा."

हूं.

मी दार ढकललं. बाबा खाटेवर होते. त्यांचे गाल ओले होते आणि चेहरा अगदी शांत होता, ताप उतरल्यावर होतो तसा. चटई रिकामी. पण ते चटईकडे बघत नव्हते. दोन ढोल्यांच्या मधल्या फटीकडे बघत होते, जिथे लहान मूलसुद्धा अंग चोरून बसावं एवढीच जागा होती.

"कोण होतं, बाबा?"

"तू," ते म्हणाले. मग माझ्याकडे पाहून जरा घोटाळले. "तूच होतीस ना?"

ब्रह्मपुरीच्या बाजारातल्या सभेत पुढच्या रांगेतला एक माणूस उठून म्हणाला, "भाऊ, झिंगूची गोष्ट सांगा. माह्या पोराइनं नाई आयकली."

बाबांनी प्रेमानं विचारलं, "झिंगू कोण, दादा?"

लोक हसले. त्यांना वाटलं भाऊ खेळवून राहिले.

"जेलातला झिंगू, भाऊ. तुमी जेलात गेलते तवाचा."

"मी?" बाबा म्हणाले. "मी कधी गेलो जेलात?"

हसणं पुढून मागे विझत गेलं. रामाजीकाकांनी उठून भोंग्याचा माईक हातात घेतला आणि भाऊंची प्रकृती बरी नाही असं सांगितलं.

त्याच दिवशी तिथल्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी रक्तदाब बघितला, डोळ्यांत बॅटरी मारली, बाबांना हात वर करायला लावले. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, डोक्याला ताण झाला आहे, या वयात असं होतं. बोलणं कमी करा. रोज दुपारी एखाद्या शांत खोलीत त्यांना एकटं पडू द्या.

मला ते पटलं. कारण मिळालं होतं, आणि मला कारण हवंच होतं. एक गोष्ट तेवढी मनात राहिली. म्हातारपणी माणूस विसरतो तेव्हा इथलं तिथलं, अर्धं मुर्धं विसरतो. बाबांचं तसं नव्हतं. जे गेलं ते मुळासकट गेलं होतं, आणि जे खोलीत बोललं गेलं होतं तेवढंच गेलं होतं.

४

आईचं श्राद्ध माघात येतं. आदल्या दुपारी मी चुलीपुढे होते. खोलीतून बाबांचं हसणं आलं. आई गेल्यापासून ते तसं हसले नव्हते. डॉक्टर म्हणाले तसा आराम लागू पडतोय, असं मी मनाशी म्हटलं. उठून जावंसं वाटलं, पण कढईत तेल तापलं होतं. हसणं थांबलं, मग बोलणं, मग हसणं. बराच वेळ चाललं ते.

दुसऱ्या दिवशी भटजी आले. बाबा पाटावर बसले, हातात दर्भ, पळीत पाणी. भटजींनी संकल्प म्हणायला घेतला आणि नावापाशी थांबून बाबांकडे पाहिलं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

भटजींना वाटलं ऐकू गेलं नाही. "पत्नीचं नाव, भाऊ."

बाबा अजून माझ्याकडेच बघत होते. त्यात लाज नव्हती, दुःख नव्हतं. परक्या घरच्या कार्याला बसलेल्या पाहुण्याला कोणी तिथली रीत विचारावी, तसं ते अवघडले होते.

"सुगंधाबाई," मी म्हटलं.

"सुगंधाबाई," बाबा म्हणाले. नवा शब्द शिकल्यासारखं, एकेक अक्षर जपून. पळीतलं पाणी त्यांनी सोडलं. नंतर जेवताना वड्यांची तारीफ केली.

त्या संध्याकाळी मी खोलीला कुलूप लावलं आणि बाबांची खाट ओसरीत आणली. पण दुसऱ्या दिवशी दुपारी ते त्या दाराशी उभे दिसले. एक हात फळीवर ठेवलेला, मान वाकवलेली. नुकती व्यालेली गाय दावणीला अशी उभी राहते, वासराचा आवाज आला की.

गुणाबाईला मी म्हटलं, "कुलूप काढून एकदा झाडून घे ती खोली. ढोल्या बाहेर काढू."

"मी नाई जात तिथी."

"काऊन?"

तिनं पदर खांद्यावर ओढून घेतला. "मी झाडता झाडता बडबडत राहतो, बाई. माह्यी सवय हाये. आता नाई जात."

"काय झालं ते सांग."

"सांगता नाई येत," गुणाबाई म्हणाली. आणि तिचे डोळे भरून आले. तिला का रडू आलं ते तिलाही कळत नसावं, असं मला वाटलं.

५

मी शिकलेली मुलगी होते. भूतखेत मानत नव्हते. म्हणून मी ठरवलं की स्वतः जाऊन बघायचं. भर दुपारी, जाग असताना. काहीतरी लहानसं, गेलं तरी चालेल असं बोलायचं, आणि बाहेर येऊन ते आठवतं का पाहायचं. आठवलं की सगळा खेळ संपला. मग बाबांना मोठ्या डॉक्टरांकडे नागपूरला न्यायचं.

बाबा रामाजीकाकांबरोबर बाहेर गेले होते. मी कुलूप काढलं, आत गेले, दार लोटून घेतलं. झरोक्यातून उन्हाचा पट्टा डाव्या ढोलीवर पडला होता. बाबांच्या जागी बसले. खोलीला जुन्या कोंड्याचा वास होता. स्वतःचंच हसू येत होतं.

"आम्ही एकदा," मी म्हटलं, आणि थांबले.

काही नव्हतं. परसात कोंबडी कुरकुरत होती.

"आम्ही एकदा, शाळेत असताना..."

हूं.

ते खालून आलं. भुईजवळून, ढोल्यांच्या मधून. मी उठून पळायला हवं होतं, आणि पाय तसे उचललेही होते. पण ते हूं इतकं मनापासूनचं होतं. ज्यानं ते म्हटलं त्याला माझ्याशिवाय दुसरं काही नको होतं. आई गेल्यापासून मी सगळ्यांचं ऐकत आले होते. माझं कोणी असं ऐकलं नव्हतं.

मी पुढे बोलले. एवढं मला माहीत आहे.

मग मी परसात होते आणि गुणाबाई माझे खांदे धरून विचारत होती, "काय झालं? काऊन रडून राह्यलीस?" मी रडत होते, आणि मला फार हलकं वाटत होतं. पुन्हा खोलीच्या दाराशी जाऊन आत पाहिलं तर उन्हाचा पट्टा ढोलीवरून भिंतीवर गेला होता.

काय सांगितलं, ते मला आजही माहीत नाही. त्या दिवशी मी बसून एकेक गोष्ट तपासली. आईचा चेहरा होता. मावशीचं घर होतं. कविता पाठ होत्या. पण जे नाहीच ते शोधायचं कसं? मॅट्रिकच्या आधीच्या पावसाळ्यातलं मला काही आठवत नाही. तसे सगळे पावसाळे सारखेच असतात, असंही मी स्वतःला सांगते. पुढे एकदा ब्रह्मपुरीच्या बाजारात माझ्या वयाची एक बाई धावत आली आणि तिनं मला मिठी मारली. "कुंता, मी इंदिरा," ती म्हणाली. मी विचारलं, कोण इंदिरा? तिला आधी हसू आलं. मग तिनं हात काढून घेतले आणि ती निघून गेली. जाताना तिनं वळून पाहिलं नाही. माणसं चुकून कोणालाही मिठी मारतात. तिला माझं नाव मात्र ठाऊक होतं.

६

मतदानाच्या आधीची शेवटची मोठी सभा ब्रह्मपुरीला होती. सकाळपासून घर माणसांनी भरलं होतं. अंगणात जीप धुऊन उभी, पत्रू तिला आंब्याच्या डहाळ्या बांधत होता. खोलीला मी नवं कुलूप लावलं होतं. ढोल्या फोडायला सभा झाल्यावर माणसं बोलावली होती.

रामाजीकाका आत आले. "बाई, भाऊ कुठी हायेत? निघा लागते आता."

ओसरीत नव्हते. विहिरीवर नव्हते. मी बैठकीतल्या गर्दीतून मागे गेले आणि दुरूनच दिसलं. कुलूप जागेवर होतं, पण कडीचा कोयंडा फळीतून उपसून काढला होता. खाली भुशासारखा लाकडाचा चुरा पडला होता. दाराला आतून अडसर होता. बाबांचा आवाज येत होता, संथ, गोष्ट सांगायला बसल्यासारखा.

"मले एक पोरगी हाये."

हूं.

मी दारावर हात मारला. "बाबा, दार उघडा. जीप थांबली हाये."

"नाव तिचं कुंता. मायनं ठेवलं. मले कमल ठेवाचं होतं, पण म्हटलं जाऊ दे, तिनंच नऊ महिने वागवली."

हूं.

हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. मी पुन्हा हात मारला, जोरानं, आणि ओरडले. बैठकीत घोषणा चालू झाल्या होत्या. माझा आवाज कोणापर्यंत गेला नाही. बाबांपर्यंतही नाही.

ते सांगत होते. मला गोवर निघाला तेव्हा पुराच्या पाण्यातून डोंग्यात घालून पलीकडे वैद्याकडे नेलं, नावाडी यायला तयार नव्हता, तर स्वतः वल्हं मारलं. पहिल्यांदा शाळेत सोडून आले तेव्हा शाळेमागच्या चिंचेखाली सुटेपर्यंत बसून राहिले, आणि मला खोटंच सांगितलं की आत्ता आलो. एकेक गोष्ट ते दोन्ही हातांनी उचलून द्यावी तशी सांगत होते, आणि दर वेळी पलीकडून ती घेतली जात होती.

"हुशार होती. नागपूरले पाठवाचं होतं तिले. मीच नाई पाठवलं. तिले म्हटलं, माय गेली, आता घर कोण पाहीन? घर पाहाले गुणाबाई होती. मलेच तिच्याबगर करमलं नसतं. पण असं पोरीले कसं सांगा?"

माझा हात दारावरच राहिला. ते थांबू नयेत असं मला वाटलं. हे त्यांनी माझ्या तोंडावर कधी म्हटलं नसतं, आणि मला ते ऐकायचं होतं, शेवटपर्यंत. दाराच्या अलीकडे उभी राहून मीही श्वास धरून ऐकत होते.

हूं, आतून आलं. आणि ते हूं माझ्या आवाजात होतं.

मग मी दाराला खांदा दिला. अडसर हलला नाही. दोन फळ्यांमध्ये बोटभर फट होती. तिला मी डोळा लावला.

बाबा खाटेच्या कडेला पुढे झुकून बसले होते. त्यांचा चेहरा उन्हात होता. ढोल्यांच्या मध्ये, त्या चिंचोळ्या जागेत, पोटाशी घेतलेले दोन गुडघे दिसले. गुडघ्यांच्या वर तोंड होतं, बाबांकडे उचललेलं. भरवून घेणारं लेकरू उचलतं तसं. ते उघडं होतं आणि बाबांच्या प्रत्येक शब्दाबरोबर थोडं हलत होतं. केसांचा भांग ओला, तेल लावून नुकताच पाडलेला. त्या सकाळी मी न्हाऊन तसाच भांग पाडला होता.

एवढंच मी पाहिलं. फटीतून बघताना माणसाला स्वतःच्या पापण्यांची सावली दिसते. मी रडत होते. उन्हात धूळ होती. हे सगळं मी नंतर स्वतःला सांगितलं आहे.

बाबांचा आवाज थांबला. अडसर सरकला.

ते बाहेर आले. चेहरा स्वच्छ, दहा वर्षांनी तरणा. टोपी त्यांनी सरळ केली. मला दारात पाहिलं आणि दोन्ही हात जोडले.

"नमस्कार, बाई," ते म्हणाले. "लई वेळ थांबा लागलं का तुमाले?"

त्यांच्या मागे खोली रिकामी होती. दोन ढोल्या, चटई, खाट.

७

पुढचं थोडक्यात सांगते. बाबा त्या वेळी निवडून आले. दुःखानं गप्प झालेला माणूस समजून लोकांनी मतं दिली. मुंबईला ते एकदाच गेले आणि तिथे काही बोलले नाहीत. नंतरची वर्षं घरीच काढली. मी त्यांचं सगळं केलं, आणि ते मला अहो बाई, तुमी, असंच म्हणत राहिले. मी कोण आहे हे मी त्यांना पुष्कळदा सांगितलं. ते मान डोलवत, बरं वाटलं म्हणत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नमस्कार करत. ढोल्या फोडायला आलेल्या माणसांना मी परत पाठवलं. त्याऐवजी दाराच्या जागी भिंत घालून घेतली आणि झरोका बुजवला. काम करणाऱ्यांना एकच अट घातली की भिंत पुरी होईपर्यंत कोणी बोलायचं नाही. त्यांनी मला वेडी समजून हसण्यावारी नेलं, पण बोलले नाहीत.

त्या शेवटच्या सभेच्या दिवशी मात्र आम्ही गेलो. न जाऊन चाललं नसतं. जीपमध्ये रामाजीकाका पुढे, आणि मागे मी बाबांच्या शेजारी बसले, कारण त्यांना एकटं बसवायची मला भीती वाटत होती. रामाजीकाकांना काही कळलं नव्हतं. वडशाच्या पुढे वैनगंगेच्या रेतीत जीप रुतली तेव्हा सगळे उतरले. बाबांनी मला उतरायला हात दिला.

"सांभाळून, बाई. रेती तापली हाये."

पत्रू आणि बाकीचे जीप ढकलत होते. आम्ही दोघं पाण्याच्या कडेनं चालत होतो. पलीकडे भोंगा सुरू झाला होता, आणि वाऱ्यावर बाबांचं नाव तुटक ऐकू येत होतं. ते ऐकून त्यांना हुरूप आला. गेली कित्येक वर्षं ते जसे कोणाशीही बोलत, तसे आपुलकीनं माझ्याशी बोलायला लागले.

"कोणतं गाव तुमचं?"

"कुरखेडा."

"मंग आपल्याच गावच्या तुमी. घरी कोण कोण हाये?"

पाण्यात एक ढिवर जाळं फेकत होता. ते पसरून खाली बसेपर्यंत मी त्याच्याकडे बघत राहिले.

"बाबा हायेत," मी म्हटलं. "दुसरं कोणी नाई."

"बरं हाये. बापाची सेवा करून राह्यल्या, लई चांगलं करता," बाबा म्हणाले, आणि माझ्यापुढे हात जोडले. "घरी गेल्यावर त्याइले सांगजा, देवाजी दोनाडकर भेटले होते म्हणा. मत आपल्यालेच द्या म्हणा."

"सांगतो," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. पुढे नदीत उतरायची वेळ आली तेव्हा त्यांनी धोतर वर धरलं, आणि मी मागे राहिले का ते न बघता, पलीकडच्या आवाजाच्या दिशेनं चालायला लागले.